वरचा मासा

घासाघीस न करता मी आयुष्यात दोनच गोष्टी घेतल्या, बायको आणि व्हिसा. त्यातला व्हिसाही बायकोच्याच नावाने आला. ती नर्स. लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली आणि मी तिच्यामागे 'डिपेंडंट' म्हणून विमानात बसलो. तो शब्द मला बॅगेपेक्षा जड वाटला. भंडारा जिल्ह्यातल्या तलावात छातीइतक्या पाण्यात उभं राहून जाळं ओढणाऱ्या ढिवराचा मी मुलगा. कोणावर अवलंबून राहायची आम्हाला सवय नाही. एक ठेकेदार सोडून. त्याचं पुढे येईलच.

आल्यावर काही काळ मी किनाऱ्याजवळच्या एका कारखान्यात मासे साफ करायचं काम केलं. तिथे पाहिलं की डोकं, कल्ले, गाभोळी, सगळं बाजूच्या पिंपात जातं. आणि इकडे लीड्सला आमचे लोक सुपरमार्केटात त्या पांढऱ्या तुकड्यांसमोर उभे राहून नाक मुरडतात. अख्खा मासा मिळत नाही म्हणून हळहळतात. या दोघांच्या मधे एक व्हॅन मावेल एवढं मला कळलं. जुनी, थंड पेटीची व्हॅन घेतली. विकणारा जो भाव म्हणाला त्यावर मी इतका वेळ त्याच्या अंगणात उभा राहिलो की शेवटी त्याच्या बायकोनेच खिडकीतून त्याला सांगितलं, दे बाबा त्याला आणि आत ये.

बाबांना व्हिडिओ कॉलवर व्हॅन दाखवली. म्हटलं, आता समुद्रातला मासा विकतो. बाबांनी व्हॅनकडे पाहिलंच नाही.

"समुद्राचा ठेका कोनाकडं आहे गा?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. "बाबा, समुद्राला ठेका नसते."

"पाहून घे नीट," बाबा म्हणाले.

मूर म्हणतात ते उजाड माळरान ओलांडून गेलं की यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एक लहान बंदर आहे. मोठे व्यापारी तिथे फारसे थांबत नाहीत, म्हणून मी थांबलो. धक्क्यावर एक म्हातारा कप्तान भेटला. स्वतःची लहान बोट, सोबत कोणी नाही, बोलणं बोटीच्या इंजिनासारखं, थंडीत लवकर सुरू न होणारं. यॉर्कशरच्या माणसाबद्दल इथे गंमतीने म्हणतात, की तो खिशात हात घालतो तो फक्त थंडी वाजते म्हणून. मला असाच माणूस हवा होता. जो लगेच हो म्हणतो त्याच्याशी व्यवहार करण्यात चव नाही.

पहिल्या दिवशी बांगड्याची एक पेटी आणि कॉडची एक पेटी ठरली. भाव ठरायला जितका वेळ लागला तितक्यात त्याने जाळ्याची अख्खी बाजू शिवून काढली. वजन झालं. मी पेटीकडे बोट दाखवून म्हटलं, "आता वरचा."

"वरचा काय?"

"वरचा मासा. माल पूर्ण झाला की विकणाऱ्याने वर एक टाकायचा. आमच्याकडची पद्धत."

माझी आई आठवडी बाजारात मासे विकायची. वाटा मोजून झाला की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक लहानसा मासा टाकायची. कोणी मागायची वाट बघायची नाही. वरच्या माशाशिवाय घेतलेला माल मला आजही अर्धवट वाटतो.

 कप्तानाने बोटीच्या कोपऱ्यातल्या बादलीत हात घालून एक मासा काढला आणि माझ्या पेटीवर टाकला. लांबुडका, सापासारखा, अंगावर ठिपके, कातडी सँडपेपरसारखी. बादलीत तसले आणखी होते. शेजारच्या बोटीवरचा माणूस तसलेच चिरून खेकड्यांच्या सापळ्यात भरत होता.

म्हणजे आमिष. मी कॉड मागतो आणि हा मला आमिष देतो.

त्या दिवशी मी गप्प बसलो, नवीन ओळख म्हणून. पण पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मी "वरचा" म्हटलं की हात बादलीत. एकदा मी तो ठिपक्यांचा मासा उचलून धक्क्यावर आपटला. सीगल येऊन त्यावर बसले.

"मला भिकारी समजतोस?" मी विचारलं.

"तू मागितलास, लॅड. मी दिला."

"कॉड दे. बांगडा दे. एवढा पेटीभर घेतो मी."

"ते मोजून असतात," तो म्हणाला आणि दोर आवरायला लागला.

मोजून असतात, हे मला तेव्हा कंजुषपणाचं नवीन रूप वाटलं. हा सल मी जपून ठेवला. मला सल जपता येतो, घरात विचारा.

मोजणं काय होतं ते धंद्याच्या निमित्ताने हळूहळू कळलं. इथे कुठल्या माशाचं किती वजन समुद्रातून काढायचं ते वरून ठरतं. मोठ्या बोटींकडे स्वतःचा हिस्सा असतो. त्याला कोटा म्हणतात. लहान बोटींना एका सामायिक हिश्श्यातून दर महिन्याला थोडं थोडं मिळतं. हे मला समजलं तेव्हा मी आधी फायदाच पाहिला. महिना सुरू झाला आणि हवा चांगली असली की सगळ्या लहान बोटी एकदम बाहेर पडतात, सगळ्यांचा तोच मासा एकाच वेळी धक्क्यावर येतो आणि भाव कोसळतो. मी नेमका तेव्हा व्हॅन घेऊन उभा असायचो. महिना संपत आला की भाव चढतो, पण तेव्हा त्यांच्याकडे विकायला मासा पकडायची परवानगीच उरलेली नसते. मी तेव्हा घरी असायचो. डोकं वापरून पैसे कमावणं याला म्हणतात, आणि त्याची मला लाज नव्हती.

मग एका उन्हाळ्यात, महिन्याच्या सुरुवातीलाच, कप्तानाने भाव वाढवून मागितला. इतर बोटी उतरवत होत्या, पेट्यांवर पेट्या लागत होत्या आणि हा म्हणतो वाढवून दे. मी भडकलो. त्याला थाप मारली, तुझ्या शेजारचा तुझ्यापेक्षा कमीत द्यायला तयार आहे, मी चाललो.

"जा," तो म्हणाला. "तसंही उन्हाळा संपला की बोट विकतोय. बंदराच्या कार्यालयाच्या खिडकीत चिठ्ठी लावली आहे."

मी जागेवर थांबलो. कारण लीड्समध्ये माझी जी काही पत होती ती या एका बोटीवर होती. त्याच दिवशी धरलेला, बर्फात नीट मांडलेला, डोक्यासकट अख्खा मासा बाकी कोणी मला देत नव्हतं. बाकीच्यांचा माल आधीच बाहेरगावच्या मोठ्या व्यापाऱ्यांशी बांधलेला. बोट गेली की माझ्या व्हॅनमध्ये फक्त थंडी उरणार होती.

"काहून विकतोस?" मी विचारलं. रागात असलो की मी इंग्रजी बोलता बोलता नागपुरी बोलतो. त्याला ते कळलं, कारण प्रश्न दुसरा असणार नव्हता.

त्याने एका पेटीचं झाकण उलटं करून धक्क्यावर ठेवलं. पेटीतला कॉड उचलून त्याने वाटे घालायला सुरुवात केली. एक वाटा डिझेलचा. एक बर्फाचा आणि बंदराच्या फीचा. एक बोटीच्या दुरुस्तीचा. मग त्याने चांगले जाडजूड मासे वेचून सगळ्यांत मोठा वाटा घातला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

त्याने मान वर करून बंदरामागच्या टेकडीकडे पाहिलं. तिथे बंगले आहेत. "त्याचा. महिन्याचं आमचं वजन एवढंसं, त्यात बोट चालत नाही. जास्त पकडायचं तर कोणाचा तरी कोटा भाड्याने घ्यायचा. तो आता समुद्रावर जात नाही. बोट विकली, कोटा ठेवला. भाडं मासा पकडायच्या आधी द्यावं लागतं. मासा मिळो न मिळो. भाव पडो न पडो."

झाकणाच्या कोपऱ्यात एक बारका कॉड उरला होता. तो त्याने बोटाने सरळ केला.

"हा माझा," तो म्हणाला. "आणि तू त्यावर वरचा मागतोस."

 माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तलावाची पाळ होती. जाळं ओढून झालं की पाळीवर ताडपत्री अंथरायची, वाटे घालायचे, आणि पहिला, सगळ्यांत मोठा वाटा ठेकेदाराचा. तलाव सरकारचा, पाणी पावसाचं, मासा आमच्या हातांनी धरलेला. पण ठेक्याचे पैसे त्याने भरलेले. म्हणून वाटा त्याचा आणि उरलेल्याचा भावही त्याचा. गावातून तो स्कूटरवर यायचा, पायात कधी चिखल लागू द्यायचा नाही. इथे कोटा घेऊन घरी बसणाऱ्यांना धक्क्यावरचे लोक एक नाव देतात, घरातल्या सपातांचे कप्तान. ते ऐकून मला बाबांचा प्रश्न आठवला. ज्यावर मी हसलो होतो, तो.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभा राहून बायकोला सगळं सांगितलं. ती ड्यूटीवरून आलेली, पाय टेबलाखालच्या स्टुलावर.

"अख्खा समुद्र भाड्याने दिला यांनी," मी म्हटलं. "लोक बसून खातात. धरतो कोण, खातो कोण."

"एवढे काहून तडकून राहिले जी?"

"तडकू नको तर काय करू? ठेकेदार आहेत हे. इथेही ठेकेदार."

तिने चहाचा घोट घेतला. "भाव पडला की घ्यायला कोण जाते?"

"तो धंदा आहे."

"हो न. तो बी धंदाच म्हणे." मग थोडं थांबून, "आणि तुमच्या त्या ठेकेदाराला वरचा मासा लागे का नाही?"

लागायचा. आईसारखा वरून टाकलेला नव्हे. तो स्वतः वाट्यांतून निवडायचा, सगळ्यांत मोठा, आणि म्हणायचा, हा नमुना. बायकोने हे माझ्याच तोंडून कधीतरी ऐकलं असणार.  माझ्या मते तिची तुलना तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहे. पण त्या रात्री भांडी मी न सांगता घासली.

मग मी मला जे येतं ते केलं. टेकडीवर गेलो, घासाघीस करायला. बेल वाजवली. दार उघडणारा माणूस कप्तानाच्याच वयाचा, हातात काठी, पायात खरोखरच सपाता. मी सांगितलं की मी अमक्या बोटीचं गिऱ्हाईक आहे आणि भाड्याबद्दल बोलायला आलोय. त्याने मला आत घेतलं, चहा दिला, बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. भिंतीवर त्याच्या जुन्या बोटीचा फोटो होता. कमरेचं हाड मोडलं म्हणून समुद्र सोडला, म्हणाला.

मी भाडं अर्ध्यावर आणायचं म्हणून सुरुवात केली.

"भाव मी ठरवत नाही," तो म्हणाला. "एजंट ठरवतो. मी कमी घेतलं तर एजंट ते दुसऱ्या बोटीला पूर्ण भावात देईल. मोठ्या बोटी रांगेत आहेत."

"पण कोटा तुझा आहे."

"माझं पेन्शनही तेच आहे. आणखी चहा?"

मी आवाज चढवला. त्याचा चढला नाही. मी उठून दारापर्यंत गेलो, म्हणजे तो हाक मारेल. त्याने हाक मारली, पण ती माझी टोपी खुर्चीवर राहिली होती म्हणून. जो चिडत नाही आणि ज्याला घाई नाही, त्याच्याशी घासाघीस होत नाही. आयुष्यात मी इतक्या रिकाम्या हाताने कुठून परतलो नव्हतो. वाटेत गाडी चालवताना मी त्या माणसावर रागावलो आणि तो वाईट माणूस नव्हता म्हणून त्याच्यावर आणखी रागावलो.

बोटीची चिठ्ठी कार्यालयाच्या खिडकीत तशीच होती. मी जाता येता ती वाचायचो. दोघं तिघं बोट बघून गेले होते.

त्या आठवड्यात मी कप्तानाकडे वरचा मागितला नाही. त्याने मात्र सवयीने बादलीत हात घालून दोन ठिपक्यांचे मासे माझ्या पेटीवर ठेवले. मी भांडायच्या मनःस्थितीत नव्हतो. तसेच घेऊन निघालो.

लीड्समध्ये माझी एक थांबायची जागा हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आहे. आमची बरीच घरं तिथे. त्या दिवशी एका डॉक्टरची आई आली होती. मालवणहून मुलाकडे राहायला आलेली, वर लोकरीचा कोट आणि खाली काठापदराचं लुगडं. बांगडा घ्यायला म्हणून ती व्हॅनच्या मागच्या दाराशी आली, बांगड्याचे कल्ले उचलून बघितले, आणि मग तिचा हात थांबला.

"ह्यां काय?" तिने कोपऱ्यातल्या ठिपक्यांच्या माशांकडे बोट दाखवलं.

"ते आमिष आहे काकू. खेकड्यांचं. टाकून द्यायचंय."

तिने माझ्याकडे पाहिलं, माणूस आजारी आहे का ते बघतात तसं.

"आमिष? मेल्या, ही मोरी आसा."

"मोरी?"

"मोरी. मुंबैवाले मुशी म्हणतत. तू खंयचो?"

"भंडाऱ्याचा."

"म्हणजे तळ्यातलो," ती म्हणाली, आणि माझी सगळी पात्रता त्या एका शब्दात संपली. तिने दोन्ही मासे उचलून छातीशी धरले. "किती दिस झाले मोरीचां मटण खाऊन. कितीक देतलस हे?"

"फुकट. मला वर मिळाले ते."

"दर आठवड्याक मिळतत?"

"हो."

"आणि तू टाकतस?"

"हो, म्हणजे…"

"मगे तो गोरो येडो आसा काय तू?"

तिच्यामागे रांगेत उभी असलेली दादरची एक बाई पुढे आली, हा काय गोंधळ म्हणून. तिने पाहिलं आणि तीही म्हणाली, "अय्या, मुशी." मग दोघींमध्ये वाद सुरू झाला, एक मासा कोणाचा. मालवणच्या काकू सोडायला तयार नव्हत्या. मी मधे पडून एक एक वाटून दिला आणि दोघींनी माझ्यावर राग धरला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावलं. उकळतं पाणी ओतून ती सँडपेपरसारखी कातडी कशी खरवडून काढायची ते मला उभं करून दाखवलं, कारण त्यांच्या मते मासेवाल्याला एवढं तरी यायला हवं. मग ताटात वाढलं, मटणासारखं केलेलं मोरीचं कालवण. भाजलेल्या खोबऱ्याचं काळसर वाटण, आंबटपणाला कोकम, आणि मासा असा की काटा शोधावा लागत नाही. मी तलावातले मरळ आणि झिंगे खाऊन वाढलेला माणूस. समुद्राच्या माशावर माझा तोवर विश्वास नव्हता. त्या दिवशी दोनदा भात घेतला.

"काय?" काकूंनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं. भाव करायची सवय, पटकन छान म्हणवत नाही.

"बरां म्हणे," त्या म्हणाल्या आणि आणखी वाढलं.

त्यानंतर फोन सुरू झाले. रत्नागिरीचे, अलिबागचे, वसईचे लोक, जे बांगडा कितीचा विचारून फोन ठेवायचे, ते मुशी आहे का विचारायला लागले. लीड्समधून बातमी मँचेस्टरला गेली. एका केरळच्या नर्सने माझ्या बायकोला वॉर्डमध्ये गाठून विचारलं, तुझा नवरा छोटा शार्क विकतो ते खरं का. बायको घरी येऊन म्हणाली, "आता माझी ओळख मासेवाल्याची बायको म्हणून झाली." पण हसत म्हणाली.

मी गाडी चालवताना हिशेब मनात फिरवत होतो, पैशांचा नव्हे, नियमाचा. त्या माशावर कोटा नाही, म्हणूनच कप्तान तो न मोजता द्यायचा. कोटा नाही म्हणजे महिन्याची मर्यादा नाही, म्हणजे सगळ्या बोटींना एकाच दिवशी धावायची गरज नाही, म्हणजे भाव कोसळायचं कारण नाही. आणि मुख्य म्हणजे टेकडीवरचा वाटा नाही. झाकणावर तो ढीग घालायचाच नाही.

मी धक्क्यावर गेलो. कप्तान बोट धूत होता. मी म्हटलं, "तो ठिपक्यांचा मासा. पेटीभर हवा. दर आठवड्याला. काय भाव?"

"कशाला हवा? खेकडे धरणार?"

"खायला."

"आमिष?"

"काय भाव ते सांग."

"आमिषाला मी भाव लावत नाही. घेऊन जा."

"फुकट नको."

"मग वरचा म्हणून घेऊन जा."

"पेटीभर वरचा नसतो," मी ओरडलो. शेजारच्या बोटीवरचे लोक बघायला लागले. इतके दिवस मला भाव पाडण्यासाठी ओरडताना त्यांनी पाहिलं होतं. आता मी पैसे घे म्हणून ओरडत होतो. मी एक भाव बोललो. त्याने नकारार्थी मान हलवली, जास्त आहे म्हणून. मी आणखी वाढवला, रागाने. तो म्हणाला, वेडा आहेस, निम्मा दे. मी म्हटलं, निम्म्यात तू पुन्हा कोपऱ्यातली बादली भरशील. मला बर्फात मांडलेला, धुतलेला, कॉडसारखा जपलेला माल हवा. त्याचे पैसे घ्यावे लागतील. उद्या दुसरा कोणी येऊन तुला विचारेल तेव्हा भाव माझा असला पाहिजे, बादलीचा नव्हे.

त्याने ब्रश खाली ठेवला.

"एक सांगू," तो म्हणाला. "दक्षिणेला वाळूचा एक लांब पट्टा आहे. तिथे कॉड फिरकत नाही. म्हणून मी कधी जाळं टाकलं नाही. तिथे हाच मासा असतो, नुसता हाच."

"मग?"

"मग काही नाही. सांगितलं."

भाव मधे कुठेतरी ठरला. त्याने पहिल्यांदा हात पुढे केला, ओला आणि खवल्यांनी चिकट. वजन झालं, पेट्या व्हॅनमध्ये गेल्या. मी दार लावायला लागलो तर तो म्हणाला, "आणि वर?"

"वर काय?"

"मी विकणारा. तू म्हणतोस विकणारा वर टाकतो. पण भाव तू चढवलास. मग वर कोणी द्यायचं?"

त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. यॉर्कशरचा माणूस गंमत करतो तेव्हाही चेहरा बिलासारखा ठेवतो.

पुढच्या आठवड्यात मी काकूंकडून मोरीच्या मटणाचा डबा घेऊन गेलो. त्यांनी तिखट कमी घातलं होतं, गोऱ्याच्या पोटाचा विचार करून. डब्याच्या झाकणाला मात्र दोन फडकी बांधली होती, माझ्या गाडी चालवण्याचा विचार करून. कप्तानाने झाकण उघडलं, वास घेतला, सुकाणूच्या चाकाशेजारी बसून चमच्याने एक तुकडा खाल्ला. बराच वेळ चावत राहिला.

"हे माझं आमिष?"

"हो."

 मी पेट्या भरत असताना चमचा डब्याच्या तळाशी वाजल्याचा आवाज आला.

कॉडचं भाडं अजून आहे. महिना सुरू झाला की बोटी अजून एकदम धावतात आणि भाव अजून पडतो. टेकडीवरचा माणूस मला दुकानात भेटतो, टोपी ठीक आहे ना विचारतो, आणि मला अजून राग येतो. तो राग मी सोडणार नाही. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणलं होतं न गा." मग जरा वेळाने, "पण त्या वाळूवर कोनाचा ठेका नाही म्हणते तू?" मी म्हटलं, नाही बाबा.  आमच्या जिल्ह्यात अशी जागा त्यांनी पाहिली नव्हती.

उन्हाळा संपत आला तेव्हा चिठ्ठी दिसू नये म्हणून मी मुद्दाम कार्यालयाच्या खिडकीवरून गेलो नाही. सरळ धक्क्यावर गेलो. कप्तानाने काकूंचा डबा परत दिला, घासून लख्ख केलेला, दोन्ही फडकी धुऊन घडी केलेली.

"तळाचं जाळं जुनं झालंय," तो म्हणाला. "वाळूवर फाटतं. नवीन कितीला पडेल ते विचारून आलोय." मग दोराकडे बघत, माझ्याकडे न बघता, "हिवाळ्यात किती पेट्या उचलशील?"

मी डबा हातात घेऊन उभा होतो. हिवाळा अजून बराच लांब होता.

"ते भावावर आहे," मी म्हटलं.

त्याने पेटीचं उलटं झाकण पुढे ओढून मला बसायला दिलं, स्वतः दुसऱ्यावर बसला, आणि आम्ही भांडायला सुरुवात केली.